आतली कडी

रेवदंडा
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनेश,

पाच वर्षं आणि पाच महिने मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. आधी ‘वेळ झाला नाही’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. वेळ होता. डायरी रोज लिहीत होते आणि तिच्यात तुझं नाव आलं नाही असा आठवडा गेला नाही. मग ‘धाडस झालं नाही’ असं लिहिलं, तेही पुरतं खरं नाही. तू उत्तर देशील याची भीती होती.

ठमाबाई गेली. परवा, मंगळवारी सकाळी. मी तिला पेज भरवत होते. तिसरा चमचा तिनं तोंडात तसाच धरून ठेवला, तेव्हा मी जरा चिडूनच म्हटलं, “गिळ ना गं.” मग कळलं.

ठमाबाईच्या पूनमनं तुला फोन केला होता, पण कामावरून निघता आलं नाही, असं ती म्हणाली. (की मी इथं आहे म्हणून?) तू दर दिवाळीला तिला फोन करतोस हे मला कालच कळलं. वास्कोचा हा पत्ताही तिनंच दिला. ज्या बाईनं आईमागे तुला दोन वर्षांचा असल्यापासून कडेवर वाढवलं, ती गेल्याचं मी स्वतः तुला कळवायला हवं, म्हणून लिहिते आहे.

खाडीकडच्या स्मशानात तिला नेलं. अग्नी तिच्या पुतण्यानं दिला. आपल्या चर्चची नऊ माणसं आली होती. पास्टर देवदत्त चपला काढून शेवटपर्यंत उभे होते. सगळं झाल्यावर पूनम सर्वांसमोर माझ्या पाया पडली. म्हणाली, “ताई, तुमी होता म्हणून आई पाच वर्सं जगली. सख्ख्यांनी केलं नसतं.” मी तिला उठवलं.

तीन जूनचं वादळ तू विसरला नसशील. तरी लोकांना मी जे सांगत आले ते एकदा सलग लिहिते. टाळेबंदीत तू घरी आला होतास. सकाळी अकरानंतर वारा वाढला. शाळेत आधीच जागा उरली नव्हती, म्हणून वाडीवरची तीसेक माणसं चर्चच्या ओट्यावर आली. त्यात ठमाबाई होती, तिच्या दोन शेळ्यांसकट. बाबांच्या नंतर चर्चच्या चाव्या माझ्याकडे. पास्टर अलिबागला अडकलेले. मी त्यांना फोन करून परवानगी विचारली. ते म्हणाले, “विचारता काय, नूतनताई, उघडा!” मोठ्या दाराला आतून कडी असते, त्यामुळे मी बाजूच्या लहान दारानं एकटी आत गेले आणि ते आतून लावून घेतलं. लोकांना म्हटलं, ओट्यावर थांबा, मी मोठं दार उघडते. कडी अडकली होती. ती निघेपर्यंत कुंपणाजवळचा माड ओट्याच्या पत्र्यावर आला. ठमाबाई दाराला टेकून बसली होती. वासा तिच्या कमरेवर पडला. बाकीच्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ती मात्र त्यानंतर उभी राहिली नाही.

हॉस्पिटलच्या पायरीवर तू मला विचारलंस, “ताई, आत काय करत होतीस?” मी म्हटलं, “कडी अडकली होती.” आठ दिवसांत तू निघून गेलास.

हॉस्पिटलमधून मी तिला आपल्याच घरी आणलं, बाबांच्या खोलीत. बाकी तुला पूनमकडून कळलं असेल.

कडी अडकली होती, विनेश. जुनी होती, खाऱ्या हवेत गंजलेली.

तुझी
ताई

—

शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय विनेश,

तुझं कार्ड काल मिळालं. तू म्हणतोस: “ठमाबाईचं कळवलंस ते बरं केलंस. तिचा एक फोटो पाठव. कडीबद्दल मला पुन्हा लिहू नकोस. वादळाच्या आधीच्या रविवारी मीच तिला तेल घातलं होतं.”

कार्ड मी लायब्ररीत नेलं होतं. दिवसभर पुस्तकांच्या नोंदी करताना ते टेबलावर उलटं ठेवलं.

कडी अडकली नव्हती.

हे एवढं लिहायला मला तीन कागद लागले. आता लिहिलं आहे, तर पुढचंही ऐक. वादळानंतर महिन्याभरानं चर्चच्या पंचमंडळीनं ठराव केला की दोषी कडी बदलावी. ठरावाची वही माझ्याकडे असते, म्हणजे ‘दोषी’ हा शब्द माझ्याच अक्षरात आहे. बुधाजी सुतार आला. त्यानं कडी चार वेळा पुढे-मागे केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाय, हिला काय झालंय? माझ्या बायकोपेक्षा जास्त ऐकतेय.”

“वादळात अडकली होती.”

“मंग आता वादळ न्हाय. कशाला बदलतेस?”

“ठराव झालाय, बुधाजी.”

“ठराव!” तो म्हणाला. “तुमच्या लोकांचं एक बरं हाय. कडीलापन शिक्षा होते.” नवी बसवली आणि जुनी माझ्या हातात ठेवली. “टाकू नको. चांगली हाय.”

ती माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली.

आत मी बाकं सरकवत होते. माणसांना बसायला जागा व्हावी म्हणून. घाईत मला वाटलं, आधी जागा करावी आणि मग दार उघडावं, नाहीतर लोंढा एकदम आत येईल आणि कुणीतरी पडेल. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं गेली. तू दार ठोकत होतास तेव्हा बाकं ओढल्याचा आवाज तुला आला असणार.

फोटो शोधला. ठमाबाईचा एकटीचा एकही नाही. तुझ्या पहिल्या वाढदिवसाच्या नव्हे, तिसऱ्या वाढदिवसाच्या फोटोत तिचा हात आहे, तुला मागून धरलेला. माझ्या पदवीच्या फोटोत ती कडेला आहे आणि निम्मी कापली गेली आहे. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला, तो सोबत पाठवते. शोधताना बाबा चर्चमध्ये वाजवायचे त्या पायपेटीचे फोटो सापडत गेले. भाता बदलला तेव्हाचे, पॉलिश केलं तेव्हाचे, शंभर वर्षं झाली म्हणून झेंडूची माळ घातली तेव्हाचे. मोजले. एकोणीस.

पत्र इथं संपवणार होते. पुन्हा वाचलं. बाकं सरकवल्याचं खरं आहे. खरं असल्यामुळेच ते इतकं सहज लिहिता आलं.

तुझी
ताई

—

शनिवार, २२ नोव्हेंबर

प्रिय विनेश,

तुझं उत्तर नाही. ते यायच्या आत हे लिहिणं बरं, नाहीतर तू विचारल्यावर सांगितलं असं होईल.

बाकं मी माणसांसाठी सरकवली नाहीत. पेटीला वाट करायला सरकवली.

बाबांची पायपेटी. बाबांची म्हणजे चर्चची, पण तीस वर्षं तिला हात लावणारे तेच. दर पावसाळ्याआधी भात्याचं चामडं उन्हात धरायचे, पट्ट्या एकेक काढून पुसायचे. त्या मे महिन्यात मी नव्या फरश्यांवर सतरंजी घातली होती आणि पेटी समोर आणून ठेवली होती, अगदी मोठ्या दाराशी. लोक आत आले असते तर पहिल्यांदा तिच्यावरच आले असते. ओली माणसं, चिखलाचे पाय, दोन शेळ्या. शेळ्या पेटीच्या पायाशी बसतील आणि तिथंच घाण करतील, हे माझ्या मनात आलं. हे वाक्य मी डायरीतही लिहिलेलं नाही.

पेटी ढकलत वेदीच्या बाजूला नेली. सतरंजी गुंडाळली. मागच्या खोलीतून ताडपत्री आणली, पेटीवर घातली, सुतळीनं बांधली. दोन गाठी मारल्या. दुसरी सुटली, ती पुन्हा मारली. तू ओरडत होतास, “ताई, दार!” मी “आले, आले” म्हणत होते, म्हणजे मला ऐकू येत होतं. मग ठोकणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं, यांना कळलं मी येते आहे. गाठ ओढून घट्ट केली. तेवढ्यात माड पडल्याचा आवाज झाला. कडी एका झटक्यात निघाली.

तिसऱ्या दिवशी ठमाबाई शुद्धीवर आली तेव्हा तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न तुला ठाऊक नसेल. “पेटी भिजली न्हाय ना, बाय?” मी म्हटलं, नाही. मला वाटलं, भाबडी आहे. रविवारी बाबा वाजवायचे तेव्हा ती बाहेर पायरीवर कोळीम-जवळा निवडत बसायची, आठवतं? बाबा म्हणायचे, आत ये. ती म्हणायची, “माज्या हातांना वास हाय, मास्तर. मला हितनं ऐकू येतंय.” आणि तिनं त्या पायरीवरून सगळी गीतं पाठ केली होती. माझ्याकडे पडून असताना ती गुणगुणायची, शब्द चुकवत.

पेटीचं काय झालं ते सांगते. ती ताडपत्री मी सोडली नाही. कुणी म्हटलं तर म्हणायचे, राहू दे, धूळ बसते. दोन वर्षं तशीच. आत ओल धरली, लाकूड फुगलं, भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लं. गाठी मी मारल्या होत्या, म्हणून मला सोडवेनात. आता उपासनेत विजेवरचा कीबोर्ड वाजतो आणि कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

सहा वर्षांची असल्यापासून मी रविवारशाळेत जात होते. पुढे वीस वर्षं तिथंच शिकवलं. माणूस मोठा की वस्तू, हा प्रश्न मी मुलांना विचारत आले आहे आणि बरोबर उत्तराला गोळी देत आले आहे. पास्टरांनी एकदा उपदेशात सांगितलं की प्रभू दाराबाहेर उभा असतो. मी मान खाली घातली. ज्याच्या घराची मी राखण करत होते तो बाहेर ओट्यावर भिजत होता, असं मनाशी म्हटलं आणि रडले, आणि रडून जरा बरंही वाटलं. बरं वाटलं तेव्हा संशय आला. बाहेर ठमाबाई होती. तिला प्रभू म्हटलं की गोष्ट उपदेशाची होते, आणि उपदेशात मला क्षमा मिळण्याची सोय असते. बाहेर ठमाबाई होती, तिची कंबर होती.

पाच वर्षं मी तिचं अंग पुसलं, भांडं दिलं, पाठीच्या जखमांना मलम लावलं. ते प्रेमानं की भीतीनं, मला सांगता येत नाही. ती “देव तुजं भलं करो” म्हणायची आणि मी खोलीबाहेर जायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. आज तिला ताप आहे, उद्या. आज खुशीत आहे, कशाला. मग त्या मंगळवारी “गिळ ना गं”.

काल पास्टर आले होते. तीस तारखेला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, प्रभूभोजनाच्या आधी पंचमंडळी मला शाल देणार आहे. ठमाबाईच्या सेवेबद्दल.

मी म्हटलं, “नको.”

“नम्रता पुरे झाली, नूतनताई. परधर्माच्या बाईला घरी ठेवून पाच वर्षं केलंत, तरुण मुलांना उदाहरण नको का?”

“माझं उदाहरण देऊ नका.”

“बघा, हेच! हेच मी सांगणार आहे त्यांना.”

हसत चहा पिऊन गेले. चांगले गृहस्थ आहेत. त्यांना मी अडवलं नाही.

ताई

—

शनिवार, २९ नोव्हेंबर

विनेश,

गुरुवारी पूनम आली, आईचं सामान न्यायला. दिवेआगरला ज्या घरगुती लॉजच्या स्वयंपाकघरात ती काम करते तिथं गर्दी सुरू झाली आहे, म्हणून दुपारीच परत जायचं होतं. सामान म्हणजे दोन लुगडी, फणी, चष्मा, पानाची डबी आणि मासे विकायची जुनी टोपली, जी मी माळ्यावर ठेवली होती. टोपली सोडून सगळं एका कापडी पिशवीत बसलं. पूनमनं पिशवी उचलून पाहिली आणि हसली. “आईचा बंगला बघा, ताई. एका हातात मावला.”

मी तिला बसायला सांगितलं आणि सांगून टाकलं. सतरंजी, ताडपत्री, गाठी, शेळ्या, सगळं. शेळ्यांचंही.

ती पिशवीचे बंद बांधत होती. थांबली नाही.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली.

मी विचारलं, कुणी सांगितलं, विनेशनं?

“विनेशदादा कवाच काय बोलला न्हाय. आईनं सांगितलं. दाराला पाठ लावून बसली व्हती ती. बाक सरकलं ते कळलं, ताडपत्री वाजली ती कळली. सगली दार ठोकाय लागली तवा तिनंच गप केली त्यांना. विनेशदादालापन. बोलली, ‘ठोकू नका रं. पोर बापाची पेटी झाकतेय. झाकू दे तिला, मंग उघडंल.’”

ठोकणं थांबलं होतं ते म्हणून.

विनेश, हे तुला ठाऊक होतं. तिनं तुझा हात धरून तुला थांबवलं, आणि तू थांबलास. पाच वर्षं मला वाटत आलं की तू माझ्यावर रागावून गेलास. तू आणखी कुणावर रागावला होतास ते मला काल दिवसभर विचार करून कळलं. तू थांबला नसतास तरी मी दार उघडलं नसतं. हे तेवढं माझ्याकडून घे. मी गाठ मारल्याशिवाय आले नसते. मी स्वतःला ओळखते.

पूनमला मी विचारलं, “मग ती मला कधी का बोलली नाही?”

“तुमी सांगाल म्हणून थांबली. एक वरीस, दोन वर्सं. मी बोलायची, आये, तू इचार ना. ती बोलायची, ‘ती सांगंल तवा मी बोलन, काय न्हाय गं बाय, पेटीपन आपलीच.’ तिनं बोलनं तयार करून ठेवलं व्हतं, ताई. शेवटाला बोलली, ‘जाव दे. पोर रडंल.’”

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण पूनम उठली आणि उभ्यानं बोलली. “स्मशानात मी पाया पडले ते आईनं सांगून ठेवलं व्हतं म्हणून. मी तुमाला माफ न्हाय केलेलं. ते आईचं काम व्हतं, ती करून गेली. माज्याकडं ते मागू नका.”

“नाही मागत,” मी म्हटलं.

“आनि विनेशदादाला फोन करा. कागद कसले लिवता?”

रिक्षा दारात होती. टोपली तिनं मांडीवर घेतली. मी आत येऊन बाबांच्या खोलीत बसले. गादी अजून उचललेली नाही. तिच्या मधोमध खोलगट भाग पडला आहे, एका लहान बाईच्या मापाचा.

मला आतापर्यंत वाटत होतं की मी तिच्यापासून एक गोष्ट लपवली, आणि ते माझं पाप. आता दिसतं की ती भिंतीपलीकडे पाच वर्षं उत्तर तयार ठेवून पडली होती आणि मी रोज सकाळी तिचं तोंड पुसत होते. ते दारही मी उघडलं नाही. त्याला तर कडीसुद्धा नव्हती. यावर कुठली प्रार्थना करायची ते मला सुचत नाही. गुडघ्यावर बसले की शब्द नीट लावावेसे वाटतात, आणि नीट लावलेल्या शब्दांवर आता माझा विश्वास नाही.

उद्या शाल आहे. पास्टर माझं नाव घेतील, लोक टाळ्या वाजवतील, आणि मला उभं राहावं लागेल. बोलायचं ठरवलं आहे. पण तीनदा लिहून पाहिलं, आणि तिन्ही वेळा कुठेतरी बाकं सरकवल्यासारखं एक वाक्य आत शिरलं. ‘त्या गोंधळात’, ‘वादळाच्या भीतीनं’, ‘वडिलांच्या आठवणीपायी’. खोटं त्यात एकही नाही. उभ्या उभ्या घाबरले तर मी यातलंच एक धरून खाली बसेन आणि शाल अंगावर राहील.

म्हणून कडी नेणार आहे. मघाशी साड्यांखालून काढली. पाच वर्षं तिला कुणी हात लावलेला नाही, तेल नाही, काही नाही. टेबलावर ठेवून बोटानं ढकलली. सरकली. ती मी पहिल्या बाकावर देईन आणि म्हणेन, सरकवून बघा आणि मागे द्या. प्रत्येकाच्या हातातून जाईपर्यंत मला काही बोलावं लागणार नाही, आणि त्यानंतर वेगळं काही बोलता येणार नाही.

प्रभूभोजनाला मी बसणार नाही. तुला ये म्हणत नाही. फोनही करणार नाही, तुझा आवाज ऐकला तर मी पुन्हा समजावून सांगायला लागेन.

उद्या: जुनी कडी पिशवीत घालणे. तेल लावू नये.

ताई